आई गेल्यावर माझ्या काळजाचं काय झालं

मला झालेल्या आजाराचं नाव मला आजही एका दमात घेता येत नाही. जपानी नाव आहे. नातेवाइकांना मी सरळ सांगते, 'हृदयाचं दुखणं झालं होतं, आता बरं आहे.' पण शाळेतल्या बायका खोदून खोदून विचारतात. त्यांच्या ओळखीत कुणाला असं काही झालं की मला फोन करायला सांगतात. फोनवर सगळं सांगता येत नाही, म्हणून एकदाच बसून लिहिते आहे. यात औषधांची नावं नाहीत, ती ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावीत. मला काय झालं, मी किती घाबरले आणि कुणाकुणामुळे उभी राहिले, एवढंच मी सांगणार आहे. त्यातल्या काही गोष्टींचं मला अजूनही नवल वाटतं, तेही सांगेन.

आई

मी सुनंदा. नवीन पनवेलच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. आमचं मूळ घर खाडीकाठच्या गावात होतं. मिठागरं गेली, शेती गेली, गावात आधी होतं तसं काही उरलं नाही. मग आम्ही विचुंब्याला एका नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. घरात आम्ही तिघं राहायचो. माझे यजमान मधुकर, ते बंदरात कामाला होते. मी. आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. मुलगी प्राची नोकरीसाठी पुण्याला.

आई माझ्या सासूबाई होत्या, हे मला मुद्दाम सांगावं लागतं, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यावरूनच झाला.

आमचं काही सिनेमातल्यासारखं गोड नातं नव्हतं. माझी तांदळाची भाकरी त्यांना शेवटपर्यंत पसंत पडली नाही. 'हिला भाकरी बोलतात का पापड?' असं त्या पाहुण्यांसमोर विचारायच्या. टीव्हीचा आवाज, पंख्याचा वेग, मी शाळेतून किती उशिरा आले, सगळ्यावरून आमचं वाजायचं. पण बाजारातून येताना मोगऱ्याची वेणी घेतली तर त्या तिचे दोन तुकडे करायच्या आणि मोठा तुकडा माझ्या हातात ठेवायच्या. 'तू शाळेत जातेस बाय, मना कोन बघनार?' म्हणायच्या.

त्या गेल्या तेव्हा शाळा सकाळची होती. दुपारी घरी आले तर आई नेहमीसारख्या बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर सुपात जवळा निवडायला घेतलेला. मान जराशी कलली होती. मला वाटलं, डुलकी लागली. मी चपला काढत म्हटलं, "आई, जेवलात का?" मग पर्स ठेवली, हात धुतले आणि पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला गेले तेव्हा त्यांच्या हाताला हात लागला.

कुठला आजार नाही, दवाखाना नाही. लोक म्हणाले, भाग्याचं मरण. असेलही. मी सूप उचलून ओट्यावर ठेवलं, जवळा सांडू नये म्हणून. आधी ते केलं आणि मग मधुकरना फोन केला.

घर भरलेलं

पुढचे दिवस घरात माणूस मावत नव्हतं. गावाहून, उरणहून, पेणहून नातेवाईक येत. दारातून आत आले की मधुकरना मिठी मारत, माझ्या नणंदेला मिठी मारत, आणि मग माझ्याकडे वळून विचारत, "पाणी आहे का गं?" यात कुणाची चूक नव्हती. सुनेने चहा करायचा, अंथरुणं घालायची, फोन घ्यायचे, हे मीही असंच पाहत आलेली.

माझी नणंद वनिता. मधुकरांची धाकटी बहीण, करंज्याला दिलेली. पहाटे बंदरावर जाऊन लिलावात मासळी घेते आणि उरणच्या बाजारात विकते. आवाज मोठा, कामाला वाघ. आई गेल्याचं कळताच ती आली, पदर खोचला आणि सगळं ताब्यात घेतलं. भटजी, फुलं, कोण कुठे झोपणार, सगळं तिनेच पाहिलं. ती रडली मात्र नाही. बायका आपसांत कुजबुजल्या, 'पोटची पोर, पण डोळ्याला पाणी नाय.' तिने ते ऐकलं आणि कुजबुजणारीच्या हातात कांदे सोलायला दिले.

मीही रडले नव्हते. मला वेळच नव्हता. एक लांबची मावशी स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "सुटलीस गो आता." ती हसली, म्हणून मीही हसले. त्या हसण्याने छातीत काहीतरी बारीकसं टोचलं. तिकडे मी लक्ष दिलं नाही.

हात तसाच राहिला

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी मोठ्या टोपात डाळ करत होते. मुक्कामाची माणसं होती, त्यांच्यासाठी. तीसेक वर्षांची सवय होती, मी चमच्यात थोडी डाळ घ्यायची आणि मागे न बघता हात मागे करायचा. मागे आई असायच्या. त्या चाखून सांगायच्या, 'मीठ हाय' किंवा 'मीठ नाय'.

त्या दिवशीही मी हात मागे केला आणि म्हटलं, "आई, मीठ बघा."

हात तसाच राहिला. मागून कुणी चमचा घेतला नाही.

त्या क्षणी छातीत जे झालं त्याला मला दुखणं म्हणावंसं वाटत नाही. दुखणं कमी-जास्त होतं. हे एकदम आलं, छातीच्या मधोमध, कुणी आतून मूठ आवळून पिरगाळावी तसं. घाम फुटला. डावा हात जड झाला. मी गॅस बंद केला, हे मला स्वच्छ आठवतं, आणि खाली बसले.

पुण्याहून आलेली प्राची धावत आली. मधुकरनी गाडी काढली. पनवेलच्या हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता जेमतेम, पण पुलाजवळ ट्रक आडवा होता आणि मधुकर हॉर्नवर हात ठेवून बसले होते. माझ्या मनात एकच येत होतं, उद्या दहावं आहे, आता या माणसाने काय काय करायचं?

पडद्यावर

छातीला वायरी लावून काढलेल्या कागदाकडे बघून तिथल्या डॉक्टरांचा चेहरा बदलला. हार्ट अटॅक, ते म्हणाले. लगेच अँजिओग्राफी. मधुकरनी कुठेतरी सही केली. मला आत नेलं. आत इतकी थंडी होती की माझे दात वाजत होते. एका नर्सने काही न विचारता माझ्या पायांवर आणखी एक चादर टाकली. तिचं नाव मला कधीच कळलं नाही.

अँजिओग्राफी झाल्यावर डॉक्टर गोंधळलेले दिसले. हृदयाच्या सगळ्या नसा मोकळ्या होत्या, कुठेही अडथळा नव्हता.

मग एक डॉक्टर मॅडम आल्या. माझ्या मुलीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी मला डाव्या कुशीवर वळवलं, छातीवर थंड जेली लावली आणि एक दांडकं टेकवून हळूहळू फिरवू लागल्या. बाजूला पडदा होता. मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

"हे तुमचं हृदय," त्या म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा मी ते पाहत होते. राखाडी, धुरकट, हलणारं. इतकी वर्षं हे आत चाललं होतं आणि मी त्याची कधी साधी विचारपूसही केली नव्हती.

"वरचा भाग बघा, नीट आवळला जातोय. आता खाली बघा." त्यांनी बोट ठेवलं. खालचा भाग फुग्यासारखा फुगून तसाच राहिला होता. वरून जोर लागत होता, खाली काही हलत नव्हतं. "जपानमध्ये ऑक्टोपस पकडायचं एक मडकं असतं. अरुंद गळ्याचं, पोट फुगलेलं. हृदयाचा आकार तसा होतो, म्हणून आजाराला त्या मडक्याचंच नाव दिलंय." मग त्यांनी दांडकं बाजूला ठेवलं. "अलीकडे घरात काही झालंय का? मोठा धक्का वगैरे?"

मधुकर पायाशी उभे होते. ते म्हणाले, "आमची आई गेली. उद्या दहावं आहे."

"आमची म्हणजे?"

"म्हणजे माझी आई. हिची सासू."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्या कोण होत्या त्या?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. तोंड उघडलं आणि रडू आलं, असं मोठ्याने की बाहेरचा वॉर्डबॉय डोकावून गेला. मॅडमनी मला थांबवलं नाही. मग म्हणाल्या, "दुःखाने असं होतं. खरंच होतं, मनाचे खेळ नाहीत. हे बघा, इथे दिसतंय. पहिले दिवस जपावं लागेल, धोका असतो. पण बहुतेकांचं हृदय पुन्हा पहिल्यासारखं होतं."

मी पुन्हा त्या पडद्याकडे पाहिलं. एवढ्या भरलेल्या घरात कुणाला माझं दुःख दिसलं नव्हतं, आणि या पेटीत ते हलताना दिसत होतं. मला भीती वाटायला हवी होती. भीती होतीच, पण तिच्याहून मोठं काहीतरी वाटत होतं. देवळात गाभाऱ्याचं दार उघडल्यावर वाटतं, तसं काहीतरी.

दाराबाहेर

संध्याकाळी वनिता आली. मला आयसीयूत ठेवलं होतं, भेटायला एकेकालाच सोडत. दार पुरतं लागलं नव्हतं. बाहेर मधुकर तिला समजावत होते, डॉक्टर काय म्हणाल्या ते. तिचा आवाज मुळात हळू होतच नाही.

"आई माजी गेली, नि काळीज हिचं फुटलं?" ती म्हणाली. "मंग मी कोन? मी काय दगडाची हाय?"

मधुकर काहीतरी पुटपुटले.

"नाय दादा, तू सांग ना. लोकं काय बोलतील? सुनेला एवढं झालं नि लेक बघा, टोपल्या उचलतेय."

ती आत आली नाही. मी डोळे मिटून पडून राहिले. मला तिचा राग आला नाही, लाज वाटली. कुणाचं तरी दुःख आपण चोरून घेतलं आणि सगळ्यांसमोर पकडले गेलो, असं वाटलं. आता कळतं की आजारी माणसाला असं काहीही वाटतं आणि त्याने ते कुणाला तरी बोलून टाकावं. मी मात्र कुणालाच बोलले नाही.

दहाव्याची सकाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकर नदीवर गेले. जाताना माझ्या पायाला हात लावून म्हणाले, "येतो. लगेच येतो." नवऱ्याने पायाला हात लावला म्हणून मी पाय आखडून घेतला आणि आम्ही दोघंही जरासं हसलो.

ते गेल्यावर थोड्याच वेळात मला श्वास पुरेना. आधी वाटलं, उशी खाली सरकली. मग कळलं की उशीचा प्रश्न नाही. हवा आत जातच नव्हती. आडवं होता येईना. छातीतून पाण्यात बुडबुडे आल्यासारखा आवाज यायला लागला. फुगलेलं हृदय रक्त पुढे ढकलू शकत नव्हतं आणि फुफ्फुसात पाणी भरत होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की चार-पाच माणसं माझ्याभोवती जमली आहेत आणि कुणीही माझ्याकडे बघून हसत नाहीये.

मरणाची भीती कशी असते, लोक विचारतात. माझ्यापुरतं सांगते. मोठे विचार येत नाहीत. मला मुलांच्या तपासायच्या राहिलेल्या वह्या आठवल्या. प्राचीला पोळ्या नीट येत नाहीत, हे आठवलं. आणि एकदम मनात आलं, तिकडे पिंडाला कावळा शिवला असेल का?

तोंडावर मास्क बसवला. पलंगाची डोक्याची बाजू उभी केली. एक नर्स माझ्या पाठीमागे हात घालून मला धरून होती आणि कानाशी एकसारखं म्हणत होती, "ताई, माझ्याबरोबर घ्या श्वास. आता. आता." तिच्या छातीची हालचाल मला पाठीला जाणवत होती. मी तिच्या श्वासावर माझा श्वास टेकवला. औषधांनी हळूहळू पाणी उतरलं. दुपारपर्यंत मी बोलू शकत होते.

मधुकर आले तेव्हा डोक्याचा चकोट केलेला, कपाळाला गंध. मास्क लावलेली मला बघून ते दारातच थांबले. प्राचीने त्यांना सगळं सांगितलं असणार. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कावळा लगेच शिवला."

मी मान हलवली.

"तुला काही झालं असतं तर मी..." आमच्या एवढ्या संसारात या माणसाचं वाक्य अर्धं राहिलेलं मी तेव्हा प्रथमच ऐकलं.

नसीमआपा

आयसीयूतून मला वॉर्डात हलवलं. शेजारच्या पलंगावर नसीमआपा होत्या. पनवेलच्या मोहल्ल्यातल्या, सत्तरी ओलांडलेल्या, हृदयाचं ऑपरेशन झालेल्या. खोकला आला की उशी छातीशी धरायच्या, आणि उशी खाली ठेवली की बोलायला लागायच्या.

"तुला काय झालं गं बेटी?"

मी सांगितलं. सासू गेली, त्याने झालं. त्या नवलाने बघत राहिल्या. मग सुनेला हाक मारली, "इकडे ये. ऐक जरा. सासूसाठी हिचं दिल आजारी पडलं. शिक काहीतरी." सून हसून म्हणाली, "अम्मी, तुम्ही आधी जाऊन तर दाखवा." दोघी खळखळून हसल्या. मी हसताना माझी छाती दुखली, तरी हसले.

मग त्या मला म्हणाल्या, "आता सांग, कशी होती तुझी सासू?"

मी एक गोष्ट सांगितली. लग्नानंतर मला शिक्षिकेचा कोर्स करायचा होता आणि तेवढ्यात प्राची झाली. सगळे म्हणाले, आता कसलं कॉलेज? कॉलेज उघडलं त्या दिवशी आईंनी पोरीला लुगड्याच्या झोळीत घेतलं, माझ्याबरोबर एसटीत बसल्या आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर झाडाखाली येऊन बसल्या. मधल्या सुट्टीत मी बाहेर यायची, पोरीला पाजायची आणि आत जायची. पूर्ण वर्ष त्या तशा आल्या. एकदा प्राचार्यांनी त्यांना विचारलं, आजी, तुम्ही रोज इथे का बसता? आई म्हणाल्या, "मी पन शिकतेय. ही आत शिकते, मी भायेर."

नसीमआपांनी डोळ्याला ओढणी लावली. "सुभानअल्ला," म्हणाल्या. "उद्या अजून एक सांग."

तेव्हापासून रोज जेवण झालं की त्या कुशीवर वळायच्या आणि विचारायच्या, "हं, आज सासूची कुठली गोष्ट?" मी सांगायची. भांडणंसुद्धा सांगितली. भाकरीचं सांगितलं तेव्हा त्या सासूच्या बाजूने झाल्या. मला जे बरं वाटायला लागलं ते गोळ्यांनी वाटलं असणारच, पण या गोष्टींनीही वाटलं. घरात आईंबद्दल सगळे बोलत होते, पण मला कुणी विचारलं नव्हतं. इथे एक परकी बाई रोज दुपारी माझ्या सासूची वाट बघत होती.

घरी जायच्या दिवशी मी त्यांना विचारलं, "आपा, हे कमी होतं का हो?"

"माझे मियाँ जाऊन खूप वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मी अजून त्यांच्यावर चिडते. चावी कुठे ठेवून गेलात, विचारते. कमी नाही होत बेटी. पण त्याच्याबरोबर जेवता येतं, हसता येतं. तेवढं पुष्कळ आहे."

घरी

तेरावं माझ्याशिवाय झालं. घरी आले तेव्हा पाहुणे गेले होते. मला वाटलं होतं घरी बरं वाटेल, पण हॉस्पिटलमध्ये नव्हती इतकी भीती घरी वाटायला लागली. तिथे यंत्र होतं, नर्स होती. इथे छातीत जरा धडधडलं की मी नाडी धरून बसायची. डाव्या कुशीवर झोपायला घाबरायची. बादली उचलायची नाही, जिने चढायचे नाहीत, आणि आईंच्या खुर्चीकडे बघायचं नाही, हा नियम मी माझाच घातला होता.

प्राचीची सुट्टी संपत आली होती. ती जायच्या आदल्या दिवशी दारात वनिता उभी. हातात कापडी पिशवी आणि मासळीचा बंद डबा ठेवलेली टोपली.

"मी ऱ्हाते थोडे दिस," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

पहिले दोन-तीन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. ती माझ्यासाठी कमी मिठाचं कालवण करायची आणि ताट ठेवताना तोंड वाकडं करायची. "हे कसलं कालवन? नुसतं पानी. डॉक्टरला बोलावून खायला घाल." मग समोर बसून स्वतःही तेच जेवायची. तिच्यासाठी वेगळं कर म्हटलं तर ऐकायची नाही.

डॉक्टरांनी थोडं थोडं चालायला सांगितलं होतं. ती मला सकाळी खाली न्यायची. विचुंब्याच्या रस्त्याला तेव्हा अर्ध्या बिल्डिंगी उभ्या, अर्ध्या नुसत्या खांबांच्या. त्यांच्या मधून कर्नाळा किल्ल्याचा सुळका दिसायचा, अंगठा वर केल्यासारखा. मी पाच-सहा बिल्डिंगींपर्यंत जायची आणि दमायची. एका सकाळी मी तशीच थांबले होते. ऊन नुकतं सुळक्यावर पडलं होतं आणि त्याच्या वर दोन घारी पंख न हलवता फिरत होत्या. मी बघत राहिले. माझ्या छातीतही काहीतरी असंच, माझ्या प्रयत्नाशिवाय, आपलं आपलं काम करत होतं. मोडलं होतं आणि आता आपोआप जुळत होतं. मी त्यासाठी काय केलं होतं? काहीच नाही. चालत होते आणि कमी मिठाचं जेवत होते, एवढंच. मला तिथे रस्त्यावर हात जोडावेसे वाटले. मी जोडलेही.

"काय बघतेस वैनी?" वनिता म्हणाली.

"काही नाही गं. बरं वाटलं."

घरी आल्यावर ती सरळ आईंच्या खुर्चीत जाऊन बसली. तोवर तिथे कुणी बसलं नव्हतं. मी दचकले. ती बाहेर बघत होती.

"मी हॉस्पिटलात काय बोलले ते तू ऐकलास ना?"

"ऐकलं."

"मना म्हाईत होतं. दार उघडं व्हतं." ती खुर्चीत जराशी मागे रेलली. "मी अठरा वर्साची व्हते तवा आईला सोडून गेले. सणाला यायची, दोन दिस ऱ्हायची, जायची. तुला आई सगली मिलाली, वैनी. सकालची, सांजची, आजारातली, रागातली. मना नुसती पावनी मिलाली. मना तुजा राग नाय आला. हेवा वाटला."

मी खाली बसून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने तो काढला नाही. मग मी तिला विचारलं, "सकाळची आई सांगू तुला?" आणि सांगायला लागले. त्या उठल्यावर आधी खिडकीतून थुंकायच्या आणि मग देवाचं नाव घ्यायच्या. वनिता इतकी हसली की शेजारीण बघायला आली.

पुन्हा पडद्यासमोर

दीडेक महिन्याने पुन्हा तपासणी होती. मधुकर कामावर होते, म्हणून वनिता बरोबर आली. ती आता आपल्या घरी परतली होती, त्या दिवशी उरणच्या बाजारातून परस्पर आली होती. हात धुतले होते तरी मासळीचा वास येतोय का, म्हणून सारखे हुंगत होती.

त्याच डॉक्टर मॅडम होत्या. पुन्हा डावी कूस, पुन्हा थंड जेली. मी पडद्याकडे न बघता भिंतीकडे बघत होते. वनिता माझ्या पायाशी उभी राहून पडद्याकडे डोळे फाडून बघत होती.

"सुनंदाताई," मॅडम म्हणाल्या, "वळून बघा."

मी पाहिलं. खालचा भाग हलत होता. वरून खालपर्यंत सगळं हृदय एकदम आवळत होतं आणि मोकळं होत होतं. काही झालंच नव्हतं, असं.

"पूर्ण बरं झालंय," त्या म्हणाल्या.

मला आनंद झाला, पण त्याच वेळी गलबलून आलं. आई अजून नव्हत्याच. त्या नसताना हे पूर्ण बरं झालं होतं. मी पडद्याला मनातल्या मनात नमस्कार केला. मॅडमनी कागदी रुमाल दिला, मी छाती पुसून उठून बसले.

वनिता जागची हलली नव्हती.

"मॅडम, एक इचारू?" ती म्हणाली. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "माजंबी बघाल का?"

"तुम्हाला काही त्रास होतोय?"

"त्रास असा नाय." तिने पदर सारखा केला. "आई माजी पन गेलीय."

बाहेर पेशंट बसले होते, ते आम्हाला माहीत होतं. मॅडमनी पलंगावरचा कागद बदलला आणि म्हणाल्या, "या. झोपा."

वनिता आडवी झाली. जेली लागल्यावर "अगो माय, थंड हाय!" म्हणून ओरडली. मग पडद्यावर तिचं हृदय आलं. माझ्यापेक्षा जाड भिंतींचं, दमदार. ओझी वाहिलेलं.

"छान आहे. एकदम मजबूत," मॅडम म्हणाल्या.

"हा माजा?"

"तुमचंच."

"नि मी निजले तरी हा चालूच ऱ्हातो?"

"चालूच."

ती बघत राहिली. मग विचारलं, "चांगला हाय, मंग दुकतो कशाला?"

आई गेल्यापासून पहिल्यांदा वनिता रडायला लागली. आवाज न करता, डोळे उघडे ठेवून, पडद्याकडे बघत. मॅडमचं काम झालं होतं, त्यांनी हात काढून घेतला असता तरी चाललं असतं. त्यांनी काढला नाही. रडता रडता हृदय कसं पळायला लागतं, ते आम्ही तिघींनी पाहिलं.

वनिताने हात पुढे केला. मी धरला.

"वैनी, बघतेस ना?"

"बघतेय गो," मी म्हटलं.